वाटणीतलं रीळ

राजारामपुरी, कोल्हापूर
२१ नोव्हेंबर १९७४

चि. कृष्णात यास आशीर्वाद. मी थोरला आहे म्हणून द्यावे लागतात, नाहीतर तुझं कार्ड वाचल्यावर द्यायची इच्छा उरली नव्हती.

कार्डच पाठवलंस! सरोजिनीचं लग्न ठरल्याची बातमी तू कार्डावर लिहिलीस, म्हणजे आमच्याआधी ती पोस्टमननं वाचली आणि "पेढं कवा देतासा?" म्हणून तो दारात उभा राहिला. माझ्या पुतणीचं लग्न माघात आहे, मुलगा कोल्हापुरातच शाळामास्तर आहे, हे सगळं मला त्याच्या तोंडून कळलं. इचलकरंजीत पाकिटं मिळत नाहीत काय?

आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून खरडावं तसं लिहिलंयस, "वैनींनी आनि तुमी कन्यादानाला बसायचं हाय. जोडपं लागतंय." जोडपं लागतंय म्हणून आमची आठवण. तुझी बायको हयात असती तर तेवढीही झाली नसती. ती बिचारी बाळंतपणात गेली तेव्हा पोर बाळंत्यात होती आणि तू तिला कापडाच्या ताग्यासारखी खांद्यावर टाकून फिरत होतास. मान धरायची असते हेही तुला ठाऊक नव्हतं. तुझ्या वहिनीनं, तानाबाईनं ती तुझ्या हातातून काढून घेतली म्हणून आज तुझ्याकडे लग्नाची मुलगी आहे. तिला शाळेत आम्ही घातलं, गोवर आम्ही काढला. थोरली आई कुणाला म्हणते ती? मग वाटणी झाली आणि तू टेंपो घेऊन आलास. दोन हंडे, एक कॉट आणि पोर घेऊन गेलास.

तानाबाई कार्ड ऐकल्यापासून हवेत आहे. पिवळं लुगडं कुठल्या दुकानातून घ्यायचं तेही ठरवून झालंय. पोटचं मूल नाही, पण कन्यादान घडणार, असं ती अख्ख्या गल्लीला सांगून आली. एवढं एक पुण्य तिला हवं आहे. मला स्वतःला त्यातलं काही नको, हे स्पष्ट लिहितो, नाहीतर तुझ्या डोक्यात भलतंच शिरायचं.

माझी अट एकच. आपल्या बापाचं, आण्णांचं रीळ आधी माझ्याकडे आलं पाहिजे. ते आल्याशिवाय मी तुझ्या मांडवात पाय ठेवणार नाही.

वाटणीचा तो दिवस मी विसरलेलो नाही. आण्णा संस्थानच्या शिकारखान्यात होते, कुणा साहेबानं जाताना त्यांना मासेमारीची काठी आणि पितळी रीळ बक्षीस दिलं, जन्मभर त्यांनी ते जिवापाड जपलं. आपण दोघांनीही हात सोडला नाही तेव्हा त्या पंचांनी निकाल दिला, काठी थोरल्याला, रीळ धाकट्याला, म्हणजे कुणाचंच मन दुखायला नको. बैल एकाला आणि जू दुसऱ्याला! पंच म्हणजे ज्यांना स्वतःच्या घरात कुणी काही विचारत नाही अशी माणसं. पण त्यांनी दिलं आणि तू घेतलंस! आयुष्यात ताटाबाहेर मासा न पाहिलेला माणूस तू. तुला रीळ कशाला हवं होतं? मला मिळू नये म्हणून.

तेव्हा पाठव. पाठवताना पुसू नकोस, तेल घालू नकोस, काहीएक करू नकोस.

बाळासो


राजारामपुरी
९ डिसेंबर १९७४

चि. कृष्णात यास,

तुझं उत्तर आलं. पुन्हा कार्डच. "रीळ माज्या वाटणीचं हाय, पंचांनी दिलंय. पायजे तर तुमी काठी घिऊन या, हितं जोडू." इथं जोडू म्हणे. जोडून काय करायचं? तुझ्या यंत्रमागांच्या खडखडाटात गळ टाकायचा?

पुढे विचारतोस, "बाजारात ढिगानं रीळं मिळत्यात, तुमाला ह्येच कशाला?" हाच प्रश्न गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी विचारला होता. कचेरी सुटल्यावर मी लोकांच्या काठ्या आणि रीळं दुरुस्त करतो, हे तुला ठाऊक आहे. कोल्हापुरातले निम्मे डॉक्टर आणि वकील रविवारी कळंबा तलावाच्या काठावर गळ टाकून बसतात आणि सोमवारी मोडलेलं सामान माझ्या दारात आणून टाकतात. या डॉक्टरांनी मुंबईहून काचतंतूची काठी आणली, लाल रंगाची, लग्नातल्या बँडवाल्याच्या हातात शोभेल अशी. तिच्यावर रीळ बसवलं ते केवढं? पाणी शेंदायच्या रहाटाएवढं. का, तर मोठ्या रिळावर मोठा मासा लागतो! हा माणूस लोकांना इंजेक्शनं देतो.

काठी निवडायची तर तिचं टोक छताला टेकवून दाबावं आणि कुठून वाकते ते बघावं. चांगली काठी टोकापासून मुठीपर्यंत सगळी वाकते. नुसतं टोक वाकत असेल तर ती वर्गातली छडी. मग डोळ्यासमोर धरून दोरा ओवायच्या कड्या एका ओळीत आहेत का बघावं. आणि रीळ चढवल्यावर मुठीच्या किंचित पुढे एका बोटावर ती आडवी तोलून धरावी. तोल साधला तर दिवसभर हात दुखत नाही. आण्णांच्या काठीवर मी वाटणीनंतर चार रीळं चढवून पाहिली. एकानं ती नाक खाली घालते, दुसऱ्यानं शेपटीवर बसते. ती त्या एका रिळाचीच आहे. हे तुला सांगून उपयोग नाही, गाढवाला गुळाची चव काय.

ती काठी मी खुंटीला आडवी टांगली आहे. भिंतीला उभी टेकवून ठेवली की बांबू वाकतो आणि वाकलेला पुन्हा सरळ होत नाही. कड्यांची रेशमी बांधणी नवी केली, वर व्हार्निश दिलं. नुसती टांगलेली असते. वापरत नाही.

आता तुझ्या धमकीबद्दल. "तुमी येनार नसला तर सरोजिनीचं मामा-मामी बसतील." बसव की. एकोणीस वर्षांत या मामानं भाचीला एक झबलं घेतलं नाही. जेवायला मात्र आला, आणि दोनदा वाढून घेतलं. तो पाणी सोडणार आणि देवानं ते मोजायचं.

तानाबाईला मी ते वाक्य वाचून दाखवायला नको होतं. गेल्या बुधवारी ती जेवली नाही. उपास आहे म्हणाली. बुधवारी कसला उपास?

रीळ पाठव. अट तीच आहे.

बाळासो


राजारामपुरी
१७ जानेवारी १९७५

चि. सौ. कां. सरोजिनीस आशीर्वाद. अजून सौभाग्यवती झाली नाहीस, पण तुझ्या करतुतीनंतर होशील की नाही अशी शंका आली आहे.

हे पत्र तुझ्या मास्तरांच्या, माधवरावांच्या हाती देतो आहे. पोस्टानं आलं तर तुझा बाप फोडून वाचेल.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तुझे हे होणारे यजमान दारात आले. काखेत डबा. "आबा, सरोजिनीनं तिळगूळ दिलाय तुमास्नी. लई जड हाय बगा." मी म्हटलं, तिळगूळ जड कसा? तर म्हणाले, "गूळ जास्त पडला आसंल की." डब्यात वर चार वड्या आणि खाली फडक्यात बांधलेलं पितळी रीळ. इचलकरंजीपासून एस.टी.त मांडीवर धरून बसले आणि गूळ जास्त पडला म्हणतात. असल्या माणसाच्या हाती वर्गातली पोरं दिली आहेत. डबा उघडायच्या आत मी त्यांना चहा प्यायला आत पाठवलं, त्यामुळे त्यांना अजूनही गूळच वाटतो. तसंच राहू दे.

सोबत तुझी चिठ्ठी. "आबा, रीळ आलं. अट फिटली. आता थोरल्या आईला घेऊन या." तुझ्या थोरल्या आईनं ती मला तीनदा वाचायला लावली आणि लगेच लुगडं आणायला निघाली. तिला थांबवता थांबवता माझा जीव गेला.

अगं मूर्ख पोरी, चोरून आलेलं रीळ म्हणजे आलेलं रीळ नव्हे. मी तुझ्या बापाकडे मागितलं होतं, तुझ्याकडे नाही. आणि तू ते कुणाच्या हातून पाठवलंस? होणाऱ्या जावयाच्या! तुझ्या बापाला कळलं तर काय होईल याचा विचार केलास? लग्नाआधीच मास्तरानं घरातली वस्तू बाहेर काढली आणि तीही माझ्याकडे पोचवली, एवढंच तो बघेल. दुसऱ्या दिवशी बोलणी मोडून मोकळा होईल. त्या मस्तकात एकदा काही शिरलं की ते काढायला पंचही कमी पडतात.

तेव्हा हे ज्या वाटेनं आलं त्याच वाटेनं परत जाईल. माधवराव बस्त्यासाठी तिकडे येतील तेव्हा डबा परत देईन. तू गुपचूप जागेवर ठेव.

उद्याच परत पाठवायला हवं हे मलाही कळतं. पण त्याची मूठ फिरत नाही. स्क्रू काढून आत पाहिलं आणि डोक्याला हात लावला. आत दही. वाळलेलं. साखर आणि मध, त्यात मुंग्या मेलेल्या, आणि सगळ्यावर कुंकवाचा लगदा. खंडेनवमीला तुम्ही ते मागांच्या सामानात मांडून त्याला पंचामृताचा अभिषेक घातलात! दरवर्षी घातला असणार, थर आहेत. शस्त्राला हळदकुंकू बोटानं लावतात गं, वरून, आणि दुसऱ्या दिवशी पुसतात. त्याला देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासारखी अंघोळ घालत नाहीत. तुझ्या बापाला कळत नाही हे ठीक, पण तू माझ्या मांडीवर बसून कड्यांना रेशीम गुंडाळायला शिकलीस.

आता ते रॉकेलमध्ये बुडवून ठेवलंय. करकर आवाज करणारी आतली स्प्रिंग गंजून तुटली आहे. जुन्या गजराच्या घड्याळाची काढून, तापवून, वाकवून बसवावी लागेल. आठ-दहा दिवस जातील. असल्या अवस्थेतलं रीळ माझ्या टेबलावरून तसंच परत द्यायला मी काही इचलकरंजीचा नाही.

घाबरू नकोस. तोंड मात्र बंद ठेव.

थोरले आबा


राजारामपुरी
३० जानेवारी १९७५

कृष्णात,

तुझं पत्र मिळालं. या वेळी पाकीट. शिव्या कार्डावर मावत नाहीत हे तुला समजलं, प्रगती आहे.

लग्नासाठी घराला चुना काढताना कोनाड्यातलं रीळ नाहीसं झालेलं दिसलं म्हणतोस. संक्रांतीला मास्तर डबा घेऊन बाहेर पडला, तेव्हा त्यानंच नेलं असेल म्हणतोस. "तसं निगालं तर बोलनी मोडली म्हनून समजा. घर फोडनारा जावई मला नगं." पोरीलाही दरडावून विचारलंस, ती काही बोलत नाही, नुसती रडते.

पोर रडेल नाहीतर काय करेल? तिला ठाऊकच काही नाही. आणि त्या मास्तरावर आळ घेताना तुला हसू कसं आलं नाही? चोरी करायला थोडी तरी अक्कल लागते.

रीळ मी नेलं.

भोगीच्या दिवशी दुपारी आलो होतो. तू शेडवर होतास. पोर शेजारी गेली असावी, घरात चिटपाखरू नव्हतं. दाराला नुसती कडी. रीळ कोनाड्यात उदबत्तीच्या राखेत पडलं होतं. उचललं, पिशवीत टाकलं आणि पुढच्या गाडीनं परत आलो. दोनदा मागितलं होतं, दिलं नाहीस. माझ्या बापाची वस्तू मी आणली.

खोटं वाटत असेल तर आत काय निघालं ते सांगतो. दही, साखर, मध, कुंकू आणि मुंग्या. पितळेवर हिरवा गंज, स्प्रिंगचे दोन तुकडे. सहा वर्षांत तू त्याला एक थेंब तेल घातलं नाहीस आणि पंचामृत मात्र वाटीभर ओतलंस. देवाच्या नावानं एखाद्या वस्तूचं एवढं वाटोळं करायला तूच हवास. मी ते रॉकेलनं धुतलं, दाते काडीनं एकेक साफ केले, स्प्रिंग नवी बसवली. आता आण्णांच्या हातात वाजायचं तसं वाजतं. यापुढे वर्षातून दोनदा उघड, शिवणयंत्राचं तेल घाल, एकच थेंब. खोबरेल घालशील तर थंडीत गोठेल. ग्रीस घालशील तर धूळ धरेल. पंचामृत घालायचं असेल तर मागाला घाल.

रीळ तुझं तू घेऊन जा. माझं काम झालं.

राहिलं कन्यादान. चोरी मी केली आहे, तानाबाईला त्यातलं काही माहीत नव्हतं. राग माझ्यावर काढ. मी आलो नाही तरी चालेल, माझ्या जागी सुपारी मांडता येते का ते भटजीला विचार. पण तिला बसू दे. मी तुझ्याकडे कधी काही मागितलेलं नाही. रीळ मागितलं ते हक्कानं. हे मागतो आहे.

बाळासो


राजारामपुरी
८ फेब्रुवारी १९७५

चि. सरोजिनीस,

हे पत्रही माधवरावांच्याच हाती. या वेळी पत्र म्हणून दिलं आहे, तिळगूळ म्हणून नाही. वाचलंस की चुलीत घाल.

तुझा बाप काल येऊन गेला. सहा वर्षांनी आला आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. पायरीवर उभा राहून विचारलं, "दादा, तुमी माज्या घरात शिरलासा?"

मी म्हटलं, शिरलो.

"माज्या माघारी? चोरावानी?"

म्हटलं, हो. तुझ्या घरी समोरून कोण येणार?

मी रीळ त्याच्या हातात दिलं. त्यानं मूठ फिरवली. करकर वाजलं, तसा तो थांबला. पुन्हा फिरवली. "आण्णा आसतानाचा आवाज हाय," म्हणाला. मला वाटलं आता आत येईल. पण त्यानं तळव्यानं आवाज बंद केला आणि रीळ धोतराच्या सोग्यात गुंडाळलं. दुरुस्त केलेलं रीळ सोग्यात! मूठ तिथंच अडकून वाकते.

मग म्हणाला, "चोराच्या हातानं माज्या लेकीचं दान न्हाय व्हायचं. मामा-मामी बसतील. तुमी पावण्यागत या, आक्षता टाका, जेवा आनि जावा."

मी त्याला सुपारीचं पुन्हा विचारलं. दारात उभं राहून, शेजारी ऐकत असताना विचारलं. त्यानं मान हलवली आणि माझ्याशी बोलणंच सोडून तुझ्या थोरल्या आईकडे वळला. "वैनी, तुमास्नी ठावं न्हवतं म्हनत्यात हे. खरं सांगा. ह्येच गेलतं का?"

सरोजिनी, त्या क्षणी मला माझ्या बायकोची भीती वाटली. लुगडं तिनं आणून ट्रंकेत ठेवलेलं होतं. एक वाक्य बोलायचा अवकाश, मी चोर नाही हे सिद्ध झालं असतं आणि तिचं कन्यादान तिला मिळालं असतं. मास्तराचं आणि तुझं जे व्हायचं ते झालं असतं. ती दाराला धरून उभी होती.

ती म्हणाली, "व्हय. ह्येच गेलतं. मला ठावं हुतं. म्या आडीवलं न्हाय."

म्हणजे मी तिला सोडवायला लिहिलेलं खोटंही तिनं मोडून टाकलं आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. बाईला खोटं बोलायचं वळण नाही, आवाज कापत होता. तुझ्या बापाला तो चोरीचा कापरा वाटला. त्याला माणसांतलं कधी काही कळलं नाही, या वेळी तेच उपयोगी पडलं. "बरं झालं कळलं," म्हणाला आणि गेला. चहा तसाच राहिला.

तेव्हा तुझं लग्न ठरल्याप्रमाणे होईल. मास्तरावर आता संशय नाही. त्यांना यातलं काही सांगू नकोस, लग्नानंतरही नाही. सरळ माणूस आहे, पोटात ठेवता येणार नाही.

आता तू काय करशील ते मला माहीत आहे. बापापुढे जाऊन रडशील आणि 'मीच दिलं' म्हणशील. म्हणू नकोस. तुला सत्याचा उमाळा आला तर माझ्या बायकोनं जे सोडलं ते सगळं पाण्यात जाईल. अशी अक्कल चालवायची असेल तर मग आम्हाला आवतणही नको.

मामाला पाणी सोडताना बघून मला किळस येईल, पण मी बघेन. आम्ही दोघं येतोय. बायकांच्या मागच्या रांगेत तुझी थोरली आई असेल, नेहमीच्याच लुगड्यात. पिवळ्याचं काय करायचं ते मी तिला विचारलेलं नाही. मी पुरुषांत कुठेतरी असेन. अक्षता टाकू, जेवू आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येऊ.

तू फक्त एवढं कर. मांडवात उभी राहशील तेव्हा समोर बघ, नाहीतर खाली बघ. आमच्याकडे बघू नकोस. तू बघितलंस तर ती रडेल, आणि ती कशी रडते ते बघून तुझ्या त्या बापालासुद्धा सगळं कळेल.

तुझे थोरले आबा